आधी ‘ल’, मग लॅपटॉप : नागपुरात अक्षररचना शिकायला सुरुवात करणाऱ्यांसाठी

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनाचं पत्रक हे माझं पहिलं छापून आलेलं काम. रात्री दोनपर्यंत जागून केलं होतं. आजीनं ते हातात घेतलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं आणि विचारलं, “काहून वं पोरी, हे हिंदीत हाये का?”

मजकूर सगळा मराठी होता. तिला खटकला होता तो ‘ल’. मराठी ‘ल’ला मधला देठ असतो आणि दोन्ही बाजूंना दोन पाकळ्या, उजवीकडे काठी नसते. हिंदी छपाईतल्या ‘ल’ला मात्र उजवीकडे उभा दंड असतो. ‘श’चा डावा भागही दोन्हीकडे वेगळा. मी जो फॉन्ट घेतला होता त्यात हिंदी रूपं होती. मला ती दिसलीच नव्हती आणि सातवीपर्यंत शिकलेल्या आजीला एका नजरेत दिसली. राज्य शासनानं २००९ साली मराठी वर्णमालेचा शासन निर्णय काढून ही रूपं ठरवून दिली आहेत, हे मला त्यानंतर कळलं.

आता मी उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ज्युनिअर मुलं-मुली विचारतात, ‘ताई, सुरुवात कुठून करू? आधी कोणतं सॉफ्टवेअर शिकू?’ त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझं म्हणणं एवढंच, की आधी अक्षर पाहायला शिका, मग हातानं काढायला, आणि त्यानंतर लॅपटॉप उघडा. मी हे उलट्या क्रमानं केलं आणि त्यात माझं एक वर्ष गेलं.

पहिले पंधरा दिवस फक्त पाहा

एक साधी वही घ्या, मोबाइल सोबत असू द्या, आणि इतवारीत जा. फ्लेक्स पाहू नका, त्याच्या वरच्या मजल्याकडे पाहा. जुन्या दुकानांवर हातानं रंगवलेल्या पत्र्याच्या पाट्या अजून शिल्लक आहेत. पाटी रंगवणाऱ्यानं दुकानाचं नाव दिलेल्या रुंदीत कसं बसवलं, वेलांटीचा फुगवटा शेजारच्या मात्रेला लागू नये म्हणून कुठे आखूड केला, सावली कोणत्या बाजूला टाकली, हे वहीत काढून घ्या. फोटो काढाच, पण वहीतही काढा. फोटोत डोळा पुढे सरकतो, पेन्सिलीला थांबावं लागतं.

नागपूर या अभ्यासासाठी फार चांगलं शहर आहे. मराठी आणि हिंदी इथे एकाच भिंतीवर नांदतात. मेट्रोच्या स्थानकात उभे राहिलात तर एकाच फलकावर मराठी, हिंदी आणि इंग्रजी मिळतं. पुण्यातल्या विद्यार्थ्याला दोन प्रकारचे ‘ल’ शोधावे लागतील, आपल्याला बर्डीच्या चौकात दहा मिनिटांत दहा दिसतात. प्रत्येक ‘ल’ आणि ‘श’ कोणत्या वळणाचा आहे याची नोंद करा. आठवडाभरात डोळा इतका तयार होतो की बसमधून जातानाही तो अडखळतो.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतीची मिरवणूक चुकवू नका. काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मिरवायचे मोठे पुतळे, १८८०च्या दशकापासून निघते. सोबतच्या बडग्यांच्या, म्हणजे टीका-थट्टेसाठी केलेल्या पुतळ्यांच्या, गळ्यात घोषणांच्या पाट्या असतात. बऱ्याचदा एका रात्रीत, ब्रशनं, घाईत लिहिलेल्या. त्या सुबक नसतात, पण गर्दीत आणि दुरून वाचता येतात. कोणता शब्द मोठा करायचा हे लिहिणाऱ्याला नेमकं ठाऊक असतं, आणि आमच्या अभ्यासक्रमात ज्याला श्रेणी म्हणतात ती हीच. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांचे जे स्टॉल लागतात, तिथेही अर्धा दिवस काढा. शेकडो मराठी-हिंदी मुखपृष्ठं शेजारी शेजारी मांडलेली असतात. वीस फुटांवरून कोणतं आधी वाचलं गेलं, ते लिहून ठेवा.

एखाद्या दिवशी सिव्हिल लाइन्समधला अजब बंगला, म्हणजे १८६३ सालचं मध्यवर्ती संग्रहालय, बघा. रामटेकला गेलात तर केवल नरसिंह मंदिरातला वाकाटककालीन शिलालेखही बघा. त्या लिपीला पेटिकाशीर्ष म्हणतात, कारण प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर एक छोटी चौकोनी पेटी असते. ती देवनागरी नव्हे. पण अक्षराला डोकं असणं ही आपल्याकडची किती जुनी सवय आहे, हे दगडावर बोट टेकवण्याइतकं जवळून कळतं. अर्थात बोट टेकवू नका.

हात

बोरू मिळाला तर उत्तम. नाही तर दोन पेन्सिली शेजारी ठेवून रबरबँडनं घट्ट बांधा, म्हणजे दोन टोकांचं एक रुंद निब तयार होतं. आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट : देवनागरीत कलम धरण्याचा कोन रोमनच्या उलट असतो. डावं टोक वर आणि उजवं टोक खाली, साधारण ४५ अंशांत. रोमन सुलेखनाचे व्हिडिओ पाहून शिकलेली मुलं इथेच फसतात. अक्षर बरोबर दिसतं, पण जाड-बारीकपणा चुकीच्या जागी पडतो.

तपासायला ‘व’ काढा. दंडापासून निघून डावीकडे खाली येणारं वरचं वळण जाड आणि तिथून उजवीकडे खाली वळणारा भाग बारीक आला, तर कोन बरोबर आहे. ‘र’चा पायही बारीक यायला हवा. असे दोनशे ‘व’ काढा. मी अतिशयोक्ती करत नाही. शंभराच्या आसपास हाताला समजू लागतं.

अक्षरं एकेक न गिरवता कुटुंबं करून गिरवा. व, ब, क एकत्र. ग, म, भ एकत्र. ट, ठ, ढ, द यांना उभा दंड खाली येत नाही, ती एकत्र. ‘ल’ आणि ‘ळ’ शेजारी ठेवा. एका अक्षराचं पोट जमलं की नात्यातली चार अक्षरं जमतात, आणि फॉन्ट बनवणारेही असाच विचार करतात.

शिरोरेषा शेवटी. शाळेत शब्द पूर्ण झाल्यावर वरून रेघ ओढायचो ना, तसंच. इतवारीतल्या एका पेंटर काकांकडे मी दोन उन्हाळे बसले. ते खडू लावलेला दोरा ताणून फटकारत आणि पत्र्यावर आधी दोन रेघा पाडून घेत, एक डोक्याची आणि एक पायाची. पण त्या दोन रेघांत ते पत्र्याची पूर्ण उंची कधीच भरत नसत. विचारलं तर म्हणाले, “वर वेलांटी राहते, खाली उकार राहते. त्यायले घर नको का?”

पुढे मी जे काही शिकले ते या वाक्याला जोडूनच शिकले. रोमन अक्षरांना वरखाली थोडी जागा पुरते. देवनागरीला चार पट्टे लागतात : शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार यांचा पट्टा, मधला अक्षराचा, त्याखाली उकाराचा, आणि ‘ट्ठ’सारखं उभं जोडाक्षर आलं तर त्याहून खालचा. पाटी असो की पोस्टकार्ड, आधी हे चार पट्टे आखा.

युनिकोडमध्येच टाइप करा

इथे हट्ट धरा. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी, सगळ्या संगणकांवर चालणारी पद्धत. शहरातल्या बऱ्याच डीटीपी केंद्रांत अजून जुने फॉन्ट चालतात. त्यांत पडद्यावर मराठी दिसतं, पण संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरांचे क्रमांक असतात, फक्त त्यांच्यावर मराठी चित्रं चढवलेली असतात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की सगळी खिचडी होते. शोधताही येत नाही, वेबवर टाकताही येत नाही. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण रफार आणि जोडाक्षरांत त्यांच्याकडून हमखास चुका राहतात, त्यामुळे पुन्हा पूर्ण मुद्रितशोधन करावं लागतं.

इन्स्क्रिप्ट कळफलक शिका. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं अशी त्याची रचना आहे. हलन्त ‘डी’च्या कळीवर आहे. रोज अर्धा तास दिलात तर तीन आठवड्यांत बोटं बसतात. इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी टाइप करण्यापेक्षा हे चांगलं, कारण जोडाक्षर कसं बनतं ते बोटांना कळतं.

मराठीची खरी परीक्षा ‘ऱ’मध्ये आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरामधल्या. ‘दुसऱ्या’ लिहायचं असताना ‘दुसर्या’ छापलेलं नागपुरात रोज दिसतं. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट दाबून ‘जे’ दाबलं की ‘ऱ’ येतो, मग हलन्त, मग ‘य’. इतकं सोपं आहे. निमंत्रणपत्रिकेवर हे चुकलं की ज्यांच्या घरचं कार्य आहे त्यांना वाईट वाटतं, म्हणून आधी हे पाठ करा.

फॉन्ट निवडताना माझी यादी

फॉन्टच्या जाहिरातीत सुंदर दिसणारा शब्द निवडलेला असतो. तुम्ही तुमचे शब्द टाका. मी प्रत्येक नवा फॉन्ट आधी या ओळीवर तपासते :

बर्डी, लक्ष्मीनगर, शंकरनगर, दीक्षाभूमी, फुटाळा, कॉटन मार्केट, विठ्ठल, बुद्ध, ऱ्हास, दऱ्या, हृदय, ॲप.

शहर फिरताना सुचलेली ही यादी खूप काही उघड करते. ‘बर्डी’त रफार वेलांटीच्या काठीवर चढतो, कच्च्या फॉन्टमध्ये तो वेलांटीच्या वळणात घुसतो. ‘मार्केट’मध्ये मात्रा आणि रफार एकाच जागेसाठी भांडतात. ‘लक्ष्मीनगर’मध्ये ‘ल’ही दिसतो आणि तिहेरी जोडणीही. ‘बुद्ध’मधला ‘द्ध’ एकजीव यायला हवा; ‘द’चा पाय मोडून शेजारी ‘ध’ उभा राहिला तर तो फॉन्ट शीर्षकाला घेऊ नका. ‘ॲप’मधलं ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे जुन्या फॉन्टांत त्या जागी रिकामा चौकोन दिसू शकतो.

सुरुवातीला विकत काही घ्यायची गरज नाही. गुगल फॉन्ट्सवर मुक्त परवान्याचे उत्तम देवनागरी फॉन्ट आहेत. मुंबईच्या एक टाइपचे मुक्त, बलू आणि मोदक, इंडियन टाइप फाउंड्रीचे हिंद, तेको, खंड आणि पॉपिन्स, शिवाय नोटो. तिरो देवनागरीच्या हिंदी, मराठी आणि संस्कृत अशा तीन वेगळ्या आवृत्त्या आहेत. त्या तिन्ही शेजारी ठेवून बघा, एका संध्याकाळी खूप शिकाल. वाचायच्या मजकुराला मुक्त किंवा तिरो, शीर्षकाला बलू किंवा खंड, एवढ्यावर माझं पहिलं वर्ष चाललं असतं. मी तेव्हा तीनशे फॉन्ट उतरवून ठेवले होते आणि त्यातले सहा वापरले.

विंडोजबरोबर येणारा मंगल फॉन्ट र. कृ. जोशी यांनी घडवला. पडद्यावर भारतीय लिप्या नीट दिसाव्यात म्हणून आयुष्य घालवलेला हा माणूस (१९३६–२००८). मंगल सगळीकडे दिसतो म्हणून त्याला कंटाळू नका. कमी ठिपक्यांच्या पडद्यावर देवनागरी वाचता येणं तेव्हा सोपं नव्हतं.

सॉफ्टवेअरला सांगावं लागतं

पैसे नसतील तर चित्रासाठी इंकस्केप आणि पानांसाठी स्क्रायबस (१.६ ही आवृत्ती) घ्या. दोन्ही मोफत आहेत आणि युनिकोड देवनागरी नीट जोडतात. कॉलेजात अडोबी असेल तर पहिल्याच दिवशी एक गोष्ट करा. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाचा वर्ल्ड-रेडी कंपोझर (अक्षरं जोडून ओळी लावणारी सोय) निवडा. इलस्ट्रेटरच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइप खाली भारतीय लिप्यांचे पर्याय दाखवण्याची खूण करा, आणि मग परिच्छेदासाठी दक्षिण आशियाई कंपोझर निवडा. हे केलं नाही तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागून येते आणि हलन्त सुटे लोंबतात. पुष्कळ मुलांना वाटतं की फॉन्ट खराब आहे. फॉन्ट चांगला असतो, सेटिंग राहिलेलं असतं.

अक्षरांच्या पॅनेलमध्ये भाषाही मराठी निवडा. काही फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ची दोन्ही रूपं असतात, आणि भाषा सांगितल्यावर मराठी रूपं आपोआप पुढे येतात. आजीच्या प्रश्नाचं उत्तर त्या एका निवडीत होतं.

मांडणी

ओळींमधलं अंतर हाच मराठी मांडणीचा प्राण आहे. अडोबीची सॉफ्टवेअर आपोआप अक्षराच्या आकाराच्या १२० टक्के अंतर देतात. इंग्रजीला ते चालतं. मराठीत वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना टेकतात. १२ पॉइंटच्या मजकुराला मी १८ पॉइंट देते, आणि शीर्षक दोन ओळींचं असेल तर कोणते उकार कोणत्या मात्रेसमोर येतात ते पाहून हातानं ठरवते.

अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. इंग्रजीत मोठी अक्षरं सुटी करून लिहिली की भारदस्त दिसतात. मराठीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द दाताड होतो. ठळकपणा हवा असेल तर वजन बदला, आकार बदला, भोवती रिकामी जागा सोडा. आपल्याकडे इंग्रजीसारखी वेगळी मोठी अक्षरं नाहीत, आणि तिरपं अक्षर परंपरेत नाही. सॉफ्टवेअरनं ढकलून तिरपी केलेली देवनागरी मला बघवत नाही, हे माझं मत म्हणून घ्या.

दोन्ही कडा सरळ करण्याचा मोह पत्रकात टाळा. मराठीत प्रत्यय जोडून शब्द लांब होतात, ‘महानगरपालिकेच्या’ एकटाच अर्धी ओळ खातो. अरुंद रकान्यात मग शब्दांमध्ये पांढरी भगदाडं पडतात. डावी कड सरळ ठेवा, उजवी मोकळी सोडा.

मराठी-इंग्रजी सोबत असेल तर दोन्हीचा पॉइंट आकार सारखा ठेवून भागत नाही. शिरोरेषेची उंची इंग्रजीच्या लहान आणि मोठ्या अक्षरांच्या मध्ये कुठेतरी येईल असं बघा आणि डोळ्यानं जुळवा. मेट्रोचे फलक पुन्हा एकदा जाऊन बघा. आता ते वेगळे दिसतील.

छापखाना आणि फ्लेक्स

पत्रकाची दुसरी गोष्ट सांगायची राहिली. ‘ल’ सुधारून मी फाइल पुन्हा दिली, पाचशे प्रती आल्या आणि ‘विठ्ठल’ फुटलेला होता. छापणाऱ्यांकडे माझा फॉन्ट नव्हता, आणि मी अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्ट नसला तरी तसेच दिसणाऱ्या नुसत्या आकारांत, बदलून दिली नव्हती. चूक माझी होती. वाचनालयाच्या पैशांची होती म्हणून ती अजून आठवते. तेव्हापासून दोन फाइली ठेवते : एक मजकूर बदलता येईल अशी माझ्यासाठी, आणि दुसरी कर्व्ह केलेली छापखान्यासाठी. सोबत पीडीएफही देते, म्हणजे मूळ कसं दिसायला हवं ते समोर राहतं.

रंग सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंच्या पद्धतीत) ठेवा, चित्रं ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपके), आणि पानाबाहेर चारी बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा जागा, सोडा. छोट्या मजकुराला चार रंग मिसळून केलेला काळा देऊ नका, नुसता काळा द्या. छपाई केसभर हलली तरी अनुस्वाराभोवती रंगीत कडा दिसते.

फ्लेक्सला ३०० डीपीआय लागत नाही, पण अक्षरं व्हेक्टरच (कितीही मोठी केली तरी न फाटणारी) हवीत. पाट्यांच्या धंद्यात ढोबळ हिशेब आहे : दहा फूट अंतरामागे एक इंच उंचीचं अक्षर. तो रोमन अक्षरांचा आहे. जोडाक्षरांची पोटं लहान असतात, म्हणून मी दीडपट धरते. आणि आपल्या नवतप्याचं ऊन विसरू नका. फ्लेक्सवरचा लाल-गुलाबी आधी उडतो, काळा टिकतो. तारीख, वेळ, पत्ता काळ्यात ठेवा.

प्रूफ स्वतः वाचू नका, किंवा निदान एकट्यानं वाचू नका. माझं प्रत्येक प्रूफ आता आजीकडे जातं. ती मजकूर वाचत नाही, अक्षरं वाचते.

पदवीला जायचं असेल तर शाळेतच एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा देऊन ठेवा. बारावीनंतर राज्याची एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन बीएफएला, म्हणजे कलेच्या पदवीला, प्रवेश मिळतो, आणि नागपुरात शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. पण वर लिहिलेलं काहीही करायला प्रवेशाची वाट पाहायची गरज नाही.

पहिलं काम छापून लागलं की तिथे स्वतः जा. दुपारच्या उन्हात एकदा आणि रात्री रस्त्यावरच्या दिव्यात एकदा. रस्त्याच्या पलीकडे उभे राहून कोणता शब्द वाचता येत नाही ते पाहा आणि वहीत लिहा, त्याच वहीत, जिच्यात इतवारीच्या पाट्या आहेत.